पोटात गोळा येतो, तेव्हा पोट खरंच दुखतं



सोमवारची सकाळ. परिपाठ चालू आहे. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, सुविचार सांगून झाला आणि रांगेतलं एक मूल पोट धरून हळूच खाली बसतं. "मॅडम, पोटात दुखतंय." तुम्ही त्याच्याकडे बघता. शनिवारी हेच मूल मैदानावर कबड्डी खेळत होतं, धडधाकट होतं. आणि आज नेमका गृहपाठ तपासायचा आहे. त्या क्षणी तुमच्या मनात कोणता शब्द येतो ते मला माहीत आहे, कारण माझ्याही मनात तो वर्षानुवर्षं येत होता. नाटक!

या लेखात मला त्या एका शब्दाशी भांडायचं आहे. आणि त्याच्या बरोबर उलट्या टोकाच्या एका सवयीशीसुद्धा. ती सवय म्हणजे, "दुखतंय ना? मग दप्तर घे आणि जा घरी."

मी नांदगाव तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडची मुलं कशी असतात ते इथल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. कुणाचे वडील रेल्वेत, कुणाची शेती कांद्याची आणि पावसाच्या भरवशावरची, कुणाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले आणि मूल आजीआजोबांजवळ. घरात पाण्याची काळजी, भावाची काळजी, कर्जाची काळजी. मोठी माणसं हे बोलतात रात्री, दबक्या आवाजात, मूल झोपलंय असं समजून. मूल झोपलेलं नसतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, वही नीटनेटकी. आठवड्यातून दोन-तीनदा तिचं पोट दुखायचं. निरोप गेला की आजी न्यायला यायची. घरी अहिराणी. "मनं पोट दुखी ऱ्हायनं" एवढं नातीने म्हटलं की आजीचा जीव खालीवर व्हायचा. बेंबीला हिंग लावून झालं, ओवा झाला, मीठ-मोहरीने दृष्ट काढून झाली. दवाखाना झाला. पोट काही थांबेना.

एक दिवस मी वैतागले आणि सगळ्या वर्गासमोर बोलून गेले, "हिचं पोट बरोबर माझ्याच तासाला कसं काय दुखतं?" वर्ग हसला. तीही हसली. पुढचे चार दिवस ती शाळेत आली नाही.

ते हसणं मी अजून विसरले नाही. तिचं हसणं म्हणतेय मी, वर्गाचं नाही.

पाचव्या दिवशी ती आली, आणि मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. एका छोट्या डायरीत तारीख, वार, वेळ आणि पुढचा तास कोणता, एवढं लिहायला लागले. बाकी काही नाही. दोन आठवड्यांत सात नोंदी झाल्या. सातपैकी सहा इंग्रजीच्या तासाच्या आधीच्या. इंग्रजीला मी काय करायचे? प्रत्येकाला उभं करून एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावायचे, ओळीने. म्हणजे आपला नंबर कधी येणार हे मोजत बसायची सोय. तिचा नंबर यायच्या आत तास संपला, तर तिचं पोट दुखायचं थांबायचं. तिला वाचता येत होतं हो! माझ्या टेबलाजवळ येऊन ती छान वाचायची. चाळीस जणांपुढे उभं राहून, चुकलं तर हसतील या धास्तीने तिला वाचता येत नव्हतं. आणि मी नेमकं काय केलं होतं? वर्गाला तिच्यावर हसवलं होतं.

आता प्रश्न असा, की भीती वाटली तर पोट का दुखावं? भीती डोक्यात, दुखणं पोटात, असं कसं? हे समजलं की "नाटक" हा शब्द आपोआप गळून पडतो, म्हणून थोडं थांबून सांगते.

वॉल्टर कॅनन नावाचे एक अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ होते. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि लगेच पुढच्या काही वर्षांत, अजून वैद्यकीचे विद्यार्थी असतानाच, त्यांनी मांजरांना खाऊ घालून त्यांच्या जठराची हालचाल क्ष-किरणांखाली बघायला सुरुवात केली. त्यांच्या असं लक्षात आलं, की मांजर घाबरलं, चिडलं की जठराची लाटेसारखी हालचाल थांबते. मांजर शांत झालं की पुन्हा सुरू होते. मांजराला कुठे शाळा चुकवायची होती? पुढे याच कॅनन यांनी "लढा किंवा पळा" ही शरीराची प्रतिक्रिया मांडली. संकट दिसलं की शरीर रक्त हातापायांकडे वळवतं, हृदय जोरात पळवतं, श्वास वाढवतं आणि पचनाचं काम बाजूला ठेवतं. वाघ समोर असेल तर हे फार उपयोगाचं. समोर इंग्रजीचं पुस्तक असेल तर मात्र पळता येत नाही, लढताही येत नाही, आणि पोटात कळ मात्र येते. मळमळतं, डोकं जड होतं, हाताला घाम सुटतो, वारंवार लघवीला जावंसं वाटतं. आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंचं एक मोठं जाळं असतं आणि त्याची मेंदूशी सतत देवाणघेवाण चालू असते. ती दुखण्याची जाणीव तितकीच खरी असते, जितकी ठेच लागल्यावरची. सोनोग्राफीत काही दिसत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी १९५० च्या दशकात एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली होती. पुन्हापुन्हा पोट दुखण्याची तक्रार साधारण दहातल्या एका मुलाला होती, आणि त्यातल्या फार थोड्या मुलांत शारीरिक आजार सापडला. चाळीसच्या वर्गाला हा हिशोब लावून बघा. आपल्याला चारच चेहरे आठवतील, पण लगेच आठवतील.

खरं सांगायचं तर हे सगळं कळायला आपल्याला कॅनन आणि ॲप्लींची गरजही नव्हती. आपल्या मराठीला हे केव्हापासून ठाऊक आहे. भीतीने पोटात गोळा येतो. घशाला कोरड पडते. छातीत धडधडतं. हातपाय गळतात. अंगावर काटा येतो. तोंडचं पाणी पळतं. काळजात चर्र होतं. हे वाक्प्रचार आपण मुलांना पाठ करायला लावतो, "अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा" म्हणून दोन गुण देतो, आणि तेच मूल खरोखर पोटात गोळा आल्याचं सांगतं तेव्हा त्याला खोटारडं ठरवतो!

म्हणून मी वाक्प्रचारांचा तास बदलला. भाषेच्या शिक्षकांनी जरूर करून बघावा. फळ्यावर एक मोठा माणूस काढायचा, साधा, खडूने, डोकं-पोट-हात-पाय. मुलांना विचारायचं, तुम्हाला भीती वाटते तेव्हा ती अंगात कुठे येते? ज्याला जिथे वाटतं तिथे त्याने येऊन फुली मारायची. बोलायची सक्ती नाही. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा सुरुवातीला दोघंतिघं आली, मग रांगच लागली. पोटावर तर इतक्या फुल्या झाल्या की जागा उरली नाही. एकाने गुडघ्यांवर मारली. एकाने कानावर मारली, "कान गरम होतात मॅडम" म्हणाला. मग त्या प्रत्येक फुलीशेजारी आम्ही तिथला वाक्प्रचार लिहिला. वर्गातला सगळ्यात दांडगट मुलगा, ज्याला सगळे घाबरतात, त्याने फुली मारली ती पोटावरच. माझी पाचवीतली मुलगी बाकावर बसून ते सगळं बघत होती. तिने फुली मारली नाही. पण तिला दिसलं, की गोळा तिच्या एकटीच्या पोटात येत नाही.

तर, दुखणं खरं आहे. इथवर तुम्ही मान्य केलंत असं धरते. पण याचा अर्थ प्रत्येक पोटदुखी मनाचीच, असा लगेच काढू नका. ही दुसरी चूकही मी केलेली आहे. एका मुलाचं डोकं दुपारनंतर रोज दुखायचं. नुकतंच घरात मोठं भांडण झालेलं, म्हणून मी मनाशी ठरवूनच टाकलं की हा ताण आहे. त्याच्याशी गोड बोलले, समजावलं. शेवटी निघाला चष्म्याचा नंबर. बिचारा फळा दिसावा म्हणून दिवसभर डोळे बारीक करून बसत होता.

म्हणून क्रम चुकवू नका. आधी डॉक्टर, आणि नीट तपासणी, एकदाच पण पूर्ण. ॲप्लींचाच एक ठोकताळा डॉक्टर अजून सांगतात, की दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकी शारीरिक कारणाची शक्यता जास्त. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन कमी होत असेल, वाढ खुंटली असेल, ताप येत असेल, सारखी उलटी होत असेल, शौचातून रक्त जात असेल, लघवीला जळजळत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर "टेन्शन असेल" म्हणत बसू नका. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होत असेल, दोन दोन दिसत असतील, तरीही तेच. जंत, रक्त कमी असणं, बद्धकोष्ठता, सकाळी काही न खाता शाळेत येणं, मोठ्या मुलींच्या बाबतीत पाळी सुरू होणं, ही सगळी आपल्या भागातली अगदी रोजची कारणं आहेत. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्या दिवशी नुसती वजन-उंचीची कागदं भरून घेऊ नका, या चार मुलांना पुढे करून त्यांच्याबद्दल मुद्दाम विचारा.

आणि एक कारण आहे, जे बोलायला सगळ्यांना संकोच वाटतो. शाळेचं स्वच्छतागृह. मुली सकाळी घरून निघतात आणि संध्याकाळी घरी जाईपर्यंत लघवीला जात नाहीत. जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात पाण्याची काय अवस्था असते, मनमाडकरांना विचारा. पाणी नाही म्हणून स्वच्छतागृह घाण, घाण म्हणून मुली जात नाहीत, जायचं नाही म्हणून पाणी पीत नाहीत, म्हणून डोकं दुखतं, पोट दुखतं, लघवीचा संसर्ग होतो. याला समुपदेशक नको. याला बादली, पाणी, आतून लागणारी कडी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तोंड उघडून बोलणारी दोन माणसं पाहिजेत.

दवाखान्याबद्दल पालकांना एक हात जोडून विनंती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की काळजीचं काही नाही, तर ते ऐका. "पण काहीतरी द्या ना साहेब, एखादी सलाईन तरी लावा" असा हट्ट धरू नका. सलाईन लागली की मूल गादीवर, आई उशाशी, वडील शेतातून पळत आलेले, बिस्किटाचा पुडा हातात. मूल लबाड नसतं, पण त्याचं शरीर शिकतं. आपल्या आत काहीतरी मोठं बिघडलंय हे त्याला पटतं आणि भीती आणखी वाढते. पैसे जातात ते वेगळेच. मात्र "काही नाही झालेलं" असं त्याला तोंडावर सांगणंही चुकीचं. झालेलं आहे. त्याला असं सांगा: "डॉक्टरांनी बघितलं. पोट चांगलं आहे. काळजी वाटली की ते आवळतं आणि दुखतं. थोड्या वेळाने सैल होतं." चार वाक्यं. पाच वर्षांच्या मुलालाही समजतात.

आजीच्या दृष्ट काढण्याबद्दल मला शिक्षक मंडळी विचारतात. माझं मत विचाराल तर मी तिथे भांडायला जात नाही. आजी जवळ घेते, पाठीवरून हात फिरवते, पाच मिनिटं सगळं घर त्या मुलाकडे बघतं. त्याने बरं वाटणारच. फक्त दृष्ट काढली म्हणून डॉक्टर टळू नये, आणि "शेजारच्या अमकीची नजर लागली" हे मुलाच्या डोक्यात भरवू नये. आधीच घाबरलेल्या पोराला आणखी एक घाबरायचं कारण कशाला?

आता दुसरी सवय. घरी पाठवणं.

हे आपण दयेपोटी करतो. कधी कटकट नको म्हणूनही करतो, खोटं कशाला बोला. पण भीतीचं गणित उलटं असतं. ज्या गोष्टीची भीती, तिच्यापासून लांब गेलं की लगेच हायसं वाटतं. शरीर शिकतं, पोट दुखलं, घरी गेलो, थांबलं. पुढच्या वेळी ते आधीपेक्षा लवकर दुखतं. एक तास चुकतो, मग दिवस, मग आठवडा. अभ्यास मागे पडतो आणि आता खरोखरच वर्गात बसायची भीती वाटावी असं कारण तयार होतं. शाळा सुटलेली किती मुलं अशी पोटदुखीच्या वाटेने गेली, याचा हिशोब कुठल्याच पटावर नसतो.

इथे कुणीतरी 'श्यामची आई' काढतंच. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात श्यामच्या पोहण्याची गोष्ट आहे. श्याम पाण्याला घाबरतो, लपून बसतो, आई त्याला मारते आणि विहिरीवर पाठवते. "बघा, श्यामच्या आईनेही फोडूनच काढलं होतं," असं मला एका सहकाऱ्याने ऐकवलं होतं. मला या गोष्टीतला मार पटत नाही, आणि आज शाळेत तो कायद्यालाही पटत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक छळालाही मनाई करतं, आणि माझं ते "माझ्याच तासाला कसं दुखतं" हे वाक्य त्यात बसतं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण त्या गोष्टीतलं बाकीचं नीट वाचा. श्याम पाण्यात एकटा पडलेला नव्हता, त्याला सांभाळायला पोहणारी माणसं विहिरीत होती. आणि पोहून आल्यावर आईने त्याला जवळ घेतलं. पाण्यात जायचंच, पण एकट्याने नाही. मार वजा केला तर मला ही गोष्ट फार उपयोगी वाटते.

माझ्या मुलीच्या बाबतीत आम्ही काय केलं ते सांगते. ओळीने वाचायचं मी बंद केलं, सगळ्यांसाठीच. पहिला आठवडा तिने फक्त माझ्या टेबलाजवळ येऊन वाचलं. दुसऱ्या आठवड्यात मैत्रिणीबरोबर जोडीने, दोघींनी एकदम, जागेवर बसून. मग चार जणींच्या गटात. मग जागेवरून एकटीने, पण आधीच ठरवलेल्या दोनच ओळी, घरून तयारी करून आणलेल्या. उभं राहून वाचायला दिवाळीची सुट्टी उलटून गेली. मध्ये एकदा गाडी रुळावरून घसरली. पाहुण्यांसमोर वाचायची वेळ आली, तिचं पोट दुखलं आणि आम्ही पुन्हा दोन पायऱ्या खाली आलो. चालायचंच.

आणि दुखलं तर काय करायचं, ते आम्ही आधीच ठरवून ठेवलं. तिने नुसतं पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघायचं. हात वर करून सगळ्यांपुढे सांगायची गरज नाही. मी मान हलवायची. तिने जाऊन पाणी प्यायचं, वऱ्हांड्यात पाच मिनिटं बसायचं आणि परत यायचं. घरी निरोप नाही. वऱ्हांड्यात बसून करायचं काय, तर श्वास. चार आकडे मोजत नाकाने आत, सहा आकडे मोजत तोंडाने बाहेर, गरम चहावर फुंकर घालतो तसा. बाहेर सोडायचा श्वास लांब असला की हृदयाची गती उतरते, म्हणून चार आणि सहा. पण एक ध्यानात ठेवा, हे त्रास नसताना शिकवायचं. ऐन पोटात कळ आलेली असताना "दीर्घ श्वास घे, दीर्घ श्वास घे" म्हणून मागे लागलात, तर उपयोग शून्य. मी परिपाठात सगळ्या वर्गाकडूनच रोज पाच फुंकरी घालून घेते. दोन मिनिटंही लागत नाहीत.

पालकहो, घरचं काम यापेक्षा अवघड आहे. मूल उठल्याबरोबर "आज दुखत नाही ना रे?" असं विचारू नका. विचारलं की ते तपासतं, आणि तपासलं की सापडतं. सकाळची घाई कमी करायला दप्तर रात्रीच भरून ठेवा. पोटात दोन घास जाऊ द्या, दूध-भाकरी का असेना. रात्री मोबाईल बाजूला ठेवून झोप पुरी होऊ द्या. राज्य शासनाने २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठीच. दहा वाजता मूल उठवायला लागत असेल आणि अकराला सीरियल संपत असेल, तर शासन काय करणार? घरी राहायची वेळ आलीच, ताप आहे किंवा खरंच आजारी आहे, तर तो दिवस आजारी माणसाचाच असावा. अंथरुण, मऊ भात, टीव्ही-मोबाईल नाही. शिक्षा म्हणून नाही, घर शाळेपेक्षा मजेचं होऊ नये एवढ्यासाठी. आणि संध्याकाळी, शाळा सुटून दोन-तीन तास झाले की, भांडी घासताना किंवा गोठ्यात, "आज काय झालं?" असं विचारा. समोर बसवून विचारलं तर मुलं बोलत नाहीत. शेजारी उभं राहून, हात कामात असताना बोलतात.

ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांच्या मुलांचं वेगळं असतं. त्यांच्या पोटदुखीला माझ्याजवळ खरं औषध नाही. एवढं करते, की आठवड्याचा एक दिवस ठरवून माझ्या फोनवरून आईशी बोलणं करून देते. फोन होईलच असं नाही, तिकडे रेंज नसते. पण दिवस ठरलेला असला की मूल वाट बघत राहतं, आणि वाट बघणं हे नुसत्या काळजीपेक्षा बरं.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे शिक्षकांबद्दल. एनसीईआरटीने २०२२ साली सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ८१ टक्के मुलांनी काळजीचं कारण सांगितलं ते अभ्यास, परीक्षा आणि निकाल. म्हणजे काळजीचा कारखाना कुठे आहे ते स्पष्ट आहे. त्यात आता राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास होण्याची शक्यता २०२३-२४ पासून परत आली. शिष्यवृत्ती आहे, नवोदय आहे. शाळेचा निकाल लागावा म्हणून आपल्यावर दबाव, आपला दबाव मुलांवर. मी परीक्षांच्या विरोधात नाही. नवोदयला लागलेल्या मुलाच्या घराचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण गुण मोठ्याने वाचून दाखवणं, पेपर चढत्या क्रमाने वाटणं, "तुझ्या भावाला बघ" म्हणणं, या गोष्टी कुठल्याही शासन निर्णयात सांगितलेल्या नाहीत. त्या आपण आपल्या खुशीने करतो. उद्यापासून बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मॅडम, पटावर चाळीस मुलं, दोन वर्ग एकत्र, त्यात ऑनलाईन माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशोब ठेवायचा, आणि वर हे? रास्त आहे. तालुक्याच्या शाळेत समुपदेशक नाही, आणि तो उद्या येईल असं काही मला वाटत नाही. पण डायरीतल्या त्या सात ओळी लिहायला मला दोन आठवड्यांत मिळून सात मिनिटं लागली असतील. त्याआधी दर दोन दिवसांनी आजीला निरोप धाडण्यात आणि चिडण्यात मी याच्या कितीतरी पट वेळ घालवला होता.

काही मुलांचं एवढ्याने भागणार नाही. महिना होऊनही मूल शाळेत टिकत नसेल, खाणं-झोप उडाली असेल, एकटं एकटं राहत असेल, जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोललं असेल, कुणी त्याला मारतंय किंवा नको तसा हात लावतंय अशी शंका असेल, तर वाट बघू नका. पोटदुखीच्या मागे असं काही असू शकतं, आणि म्हणूनच ती कधीच चेष्टेवारी न्यायची नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री कधीही, मराठीतही बोलता येतं. शिक्षकाने किंवा पालकाने स्वतः सल्ल्यासाठी फोन केला तरी चालतो. मुलाला धोका असेल तर १०९८. नाशिकचं जिल्हा रुग्णालय आपल्यापासून शंभरेक किलोमीटर, एक दिवस मोडतो, मजुरी बुडते, हे मला कळतं. म्हणून आधी फोन करा. आणि मुलाला मानसोपचारवाल्यांकडे नेलं तर लोक काय म्हणतील, ही काळजी निदान शिक्षकांनी तरी पालकांच्या मनात घालू नये. मी घालताना ऐकलंय.

ती मुलगी पुढे दुसऱ्या शाळेत गेली. मध्यंतरी नांदगाव स्टेशनवर भेटली, आजीबरोबर, गाडीची वाट बघत होत्या. आता उंच झालीय. नव्या शाळेत तिने भाषणात भाग घेतल्याचं आजीने सांगितलं. मी विचारलं, "मग, पोट?"

"दुखलं की मॅडम," ती म्हणाली. "भाषणाच्या आधी खूप दुखलं. मग म्हटलं, दुखू दे, मी बोलून येते."

तेवढ्यात त्यांची गाडी लागली.